ताप १०२, ऊन ४५

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ वर गेला की वर्तमानपत्रात ठळक बातमी येते. त्याच दिवसांत घरातल्या लेकराला १०२ ताप भरला तर आई कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवते आणि डॉक्टरांना फोन लावते. ४५ म्हणजे उन्हाचा कहर आणि १०२ म्हणजे चांगलाच ताप, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण या दोन्हींत जास्त गरम काय, चंद्रपूरची हवा की तापलेलं लेकरू, असं विचारलं तर बहुतेकांना थांबून विचार करावा लागतो. उत्तर आहे चंद्रपूरची हवा, आणि फरक थोडाथोडका नाही. लेकराचे १०२ म्हणजे ३८.९ अंश सेल्सिअस. चंद्रपूरचे ४५ म्हणजे ११३ अंश फॅरनहाइट.

आपल्याकडे ही वाटणी कायमची होऊन बसली आहे: हवा सेल्सिअसमध्ये, अंग फॅरनहाइटमध्ये. वजनं-मापं दशमान करणारा कायदा १९५६ साली झाला. शेर-मण जाऊन किलो आले, मैलांचे किलोमीटर झाले, हवामान खात्याचे आकडे सेल्सिअसमध्ये येऊ लागले. घरातला आणि दवाखान्यातला थर्मामीटर मात्र फॅरनहाइटचाच राहिला. एरवी त्यानं काही अडत नाही. अडतं ते एका मापाचा आकडा दुसऱ्याच्या हद्दीत शिरला की. नवा डिजिटल थर्मामीटर ३८.९ दाखवतो आणि घरात गोंधळ उडतो. न्यू जर्सीतली मुलगी फोनवर ‘आज वीस डिग्री आहे’ म्हणते आणि इथे आईला वाटतं, छान गुलाबी थंडी असेल. केकच्या कृतीत ‘ओव्हन ३५०वर तापवा’ असं लिहिलेलं असतं आणि आपल्या ओव्हनची चकती २५०वरच संपते.

शाळेत सूत्र शिकवलेलं असतं. पण पाचावर नऊ की नवावर पाच, बत्तीस आधी वजा करायचे की शेवटी, हे परीक्षा संपली की विसरायला होतं. विसरतं, कारण ते पाठ केलेलं असतं. ते ९, ५ आणि ३२ कुठून आले हे एकदा नीट पाहिलं, तर सूत्र पाठ करायची गरज उरत नाही. लागेल तेव्हा ते पुन्हा मांडता येतं.

तापमानाची पट्टी बनवायची म्हणजे काय करायचं? बारीक काचेच्या नळीत पारा भरायचा. पारा तापला की फुगतो, नळीत वर चढतो. आता दोन अशा जागा शोधायच्या, ज्या कुणालाही, कुठेही, पुन्हा तशाच मिळवता येतील. नळी तिथे बुडवून खुणा करायच्या आणि दोन खुणांमधल्या अंतराचे सारखे भाग पाडायचे. बस. खालच्या खुणेला कोणता आकडा द्यायचा आणि मध्ये किती भाग पाडायचे, हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर. फॅरनहाइट आणि सेल्सिअस यांच्यातला सगळा फरक या दोन निर्णयांचा आहे.

डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट १६८६ साली डांझिगमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्क शहरात जन्मला. त्याचं बरंचसं आयुष्य हॉलंडमध्ये उपकरणं बनवण्यात गेलं. काच फुंकण्यात त्याचा हात बसलेला होता. त्याच्या काळात दोन थर्मामीटर एकाच पाण्यात ठेवले तर एकच आकडा दाखवतील याची खात्री नसे; त्याच्या थर्मामीटरांचे आकडे जुळत, आणि हेच त्याचं मोठं काम. आकड्यांची कल्पना त्यानं कोपनहेगनच्या ओले रोमर या खगोलशास्त्रज्ञाकडून उचलली. रोमरच्या पट्टीवर बर्फ वितळण्याची खूण साडेसातवर आणि अंगाच्या उबेची साडेबावीसवर होती. असले अपूर्णांक टाळण्यासाठी फॅरनहाइटनं प्रत्येक भागाचे चार केले, पुढे थोडा फेरबदल केला आणि १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली पट्टी मांडली. शून्य म्हणजे बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाची थंडी. नवसागर म्हणजे कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकतो तोच. ३२ म्हणजे बर्फ आणि साधं पाणी. ९६ म्हणजे निरोगी माणसाच्या तोंडातली किंवा काखेतली ऊब. ३२ ते ९६ मध्ये ६४ भाग येतात, आणि ६४ भाग पाडणं कारागिराला सोपं: अंतराचं अर्ध, त्याचं अर्ध, असं सहा वेळा केलं की झालं. आज विचित्र वाटणाऱ्या या आकड्यांमागे हातानं खुणा करणाऱ्याची सोय होती. त्याच्या पश्चात पट्टी उकळत्या पाण्याला बांधली गेली, पाणी उकळण्याची जागा बरोबर २१२वर ठरली, आणि अंगाची ऊब ९६वरून थोडी वर सरकली.

स्वीडनमधल्या उप्सालाच्या अँडर्स सेल्सिअसनं १७४२ साली दोन्ही खुणा पाण्याच्याच घेतल्या, गोठण्याची आणि उकळण्याची, आणि मध्ये शंभर भाग पाडले. पण त्यानं उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर म्हटलं होतं! त्याच्या पट्टीवर थंडी वाढली की आकडा वाढायचा. लवकरच ती उलटवली गेली आणि आज आपण वापरतो ती पट्टी झाली. सेल्सिअसच्या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. बर्फ वितळण्याची जागा हवेच्या दाबानं हलत नाही, पाणी उकळण्याची जागा मात्र हलते, हे त्यानं मोजून दाखवलं. म्हणून ‘पाणी १००ला उकळतं’ हे समुद्रसपाटीचं वाक्य आहे. महाबळेश्वरला ते साधारण ९५-९६लाच उकळतं, आणि लेहला ९०च्याही आत.

आता दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवू. बर्फ वितळतो तिथे सेल्सिअसवर ० आणि फॅरनहाइटवर ३२. पाणी उकळतं तिथे १०० आणि २१२. म्हणजे तेवढंच अंतर एकाने १०० पायऱ्यांत कापलं, दुसऱ्याने २१२ वजा ३२, म्हणजे १८० पायऱ्यांत. पर्वतीवर दोन बाजूंनी पायऱ्या बांधल्या आहेत असं समजा: एका बाजूला मोठ्या, दुसऱ्या बाजूला लहान. मोठ्या पायऱ्यांची मोजणी जिथे सुरू होते, तिथे लहान पायऱ्यांवरून येणारा आधीच ३२व्या पायरीवर उभा असतो. मोठी एक पायरी म्हणजे लहान पावणेदोनपेक्षा किंचित जास्त, नेमकं सांगायचं तर १.८. हे १८० भागिले १००, म्हणजेच नऊ भागिले पाच.

सूत्र एवढंच. सेल्सिअसवरून फॅरनहाइटकडे जाताना आधी पायऱ्या बदलायच्या (१.८ने गुणायचं) आणि मग सुरुवातीचे ३२ मिळवायचे. परत येताना उलट: आधी ते ३२ काढून टाकायचे, म्हणजे दोघांची मोजणी बर्फापासून सुरू होईल, आणि मग १.८ने भागायचं. ३२ आधी की नंतर, हा प्रश्न आता पडणार नाही. पायरीचं माप बदलण्याआधी दोघं एकाच ठिकाणी उभे हवेत, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

तोंडी करायला १.८ अवघड वाटत असेल तर एक युक्ती आहे आणि ती अगदी अचूक आहे. दुप्पट करा, त्यातून दहावा भाग वजा करा, ३२ मिळवा. चंद्रपूरचे ४५ घेऊ: दुप्पट ९०, दहावा भाग ९ गेला, राहिले ८१, अधिक ३२ म्हणजे ११३. अंगाचे ३७: दुप्पट ७४, त्यातून ७.४ गेले, ६६.६, अधिक ३२ म्हणजे ९८.६. उलट जाताना ३२ वजा करा, निम्मे करा, त्यात निम्म्याचा दहावा भाग मिळवा, आणि जमलं तर त्या दहाव्याचाही दहावा. ताप १०२: ३२ गेले, ७० उरले, निम्मे ३५, त्यात ३.५ मिळवले तर ३८.५, आणखी ०.३५ मिळवले तर ३८.८५. म्हणजेच ३८.९. डॉक्टरांना सांगायला याहून जास्त बारकाई लागत नाही.

‘दुप्पट करून तीस मिळवा’ अशी एक सोपी युक्ती अमेरिकेत राहून आलेल्या माणसांकडून ऐकायला मिळते. ती थंड हवेच्या मुलखासाठी आहे. १० अंशांना ती बरोबर ५० देते आणि २०ला ७०, खरं तर ६८ हवेत. पण ४०ला ती ११० सांगते, खरे १०४ असताना. आपल्या उन्हाळ्याला ती उपयोगाची नाही आणि तापाच्या बाबतीत तर ती वापरूच नये. तिथे सहा अंशांची चूक म्हणजे अंगावर काटा आणणारी चूक.

मला स्वतःला सगळ्यात पसंत आहे ती शिडी. दर दहा सेल्सिअसला अठरा फॅरनहाइट, बर्फापासून वर: ०ला ३२, १०ला ५०, २०ला ६८, ३०ला ८६, ४०ला १०४, ५०ला १२२. खाली उणे १०ला १४. सात जोड्या पाठ झाल्या की रोजच्या हवेचं सगळं जग त्यात बसतं, मधल्यासाठी एका सेल्सिअसला जेमतेम दोन फॅरनहाइट धरायचे. शिवाय आकडे उलटे केले की जमणाऱ्या दोन जोड्या आहेत: १६ आणि ६१, २८ आणि ८२. त्या अर्ध्या अंशाच्या आत बरोबर येतात. न्यू जर्सीतल्या मुलीचे २० या शिडीवर लावून पाहा. ते १४ आणि ३२च्या मध्ये पडतात, म्हणजे उणे १० आणि शून्याच्या मध्ये. नेमके उणे ६.७. पाण्याचा नळ गोठू शकेल अशी ही थंडी आहे.

आता तापाकडे येऊ, कारण घरात या आकड्यांची खरी गरज तिथे पडते.

जुना पाऱ्याचा थर्मामीटर कुणाकडे अजून असेल तर तो उजेडात धरून पाहावा. काच गोल नसते, तिला एक धार असते, आणि त्या धारेतून पाहिलं तरच केसाएवढी पाऱ्याची रेघ रुंद दिसते. जरा फिरवला की रेघ नाहीशी होते. आकडे ९४ ते १०८, आणि दोन आकड्यांमध्ये बारीक खुणांचे पाच भाग. म्हणजे प्रत्येक भाग दोन दशांशांचा. ‘१०१ पॉइंट ३’ असं पाऱ्यावर मोजलेला माणूस सांगत असेल तर तो अंदाज आहे. पाऱ्याच्या फुग्याच्या जरा वर नळी एका जागी चिमटलेली असते. तापताना पारा जोरानं त्या चिमटीतून वर जातो, पण थंड होताना तिथेच तुटतो आणि वरचा भाग जिथल्या तिथे राहतो. म्हणून काखेतून काढल्यावर निवांत वाचता येतो आणि म्हणूनच पुन्हा लावण्याआधी तो झटकावा लागतो. न झटकता लावला तर तो कालचाच ताप दाखवेल.

या नळीवर खुणेचा आकडा ९८.६. दशांशापर्यंत सांगितलेला हा आकडा पाहून वाटतं की कुणीतरी फार काटेकोर मोजला असणार. खरी गोष्ट अशी की जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवरून १८६८ साली निरोगी अंगाचं सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितलं. एक पूर्ण आकडा. तो फॅरनहाइटमध्ये उतरवला तेव्हा ९८.६ झाला. शेवटचे सहा दशांश मोजणीतून आलेले नाहीत, रूपांतरातून आलेले आहेत. अमेरिकेत १९९२ साली १४८ निरोगी माणसांवर नव्यानं मोजणी झाली तेव्हा सरासरी ९८.२ निघाली, आणि तीही दिवसभर एक नव्हती: पहाटे सगळ्यात कमी, दुपार कलल्यावर सगळ्यात जास्त. आपल्याकडे बऱ्याच जुन्या लोकांच्या तोंडी ९८.४ असतं. यांतला कुठलाही आकडा चुकीचा नाही. निरोगी अंग एका आकड्यावर बसतच नाही. संध्याकाळी ९९ दिसले म्हणून धास्तावून जाणाऱ्या आईवडिलांना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

तापाची शिडी छोटी आहे, एकेका अंशाची. ३६ला ९६.८, ३७ला ९८.६, ३८ला १००.४, ३९ला १०२.२, ४०ला १०४, ४१ला १०५.८. यात १००.४ हा आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. औषधाच्या पत्रकात, बालरोगतज्ज्ञांच्या सूचनांत ‘१००.४च्या वर असेल तर’ असं असतं. तोही मुळात ३८चा आहे. कुठला विचित्र दशांश दिसला की तो दुसऱ्या पट्टीवर नेऊन पाहावा, बऱ्याचदा तिथे तो पूर्ण आकडा निघतो. आणि हा ३८ लक्षात ठेवण्यासारखा आहे: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचं अंग ३८ किंवा त्याहून जास्त भरलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावं.

डिजिटल थर्मामीटरचा गोंधळ बहुधा एका बटणाचा असतो. अनेक थर्मामीटरांत चालू करण्याचंच बटण जास्त वेळ दाबून धरलं की पट्टी बदलते. मूल हातात घेऊन खेळलं, बटण दाबलं गेलं आणि रात्री आईला ३७.१ दिसले. तिला वाटतं बॅटरी गेली. पडद्याच्या कोपऱ्यात अंशाच्या खुणेजवळ बारीक अक्षर असतं, ते पाहावं. पण ते न दिसलं तरी घाबरायचं कारण नाही. जिवंत माणसाच्या अंगाच्या बाबतीत या दोन पट्ट्यांचे आकडे एकमेकांत मिसळतच नाहीत. तीस-चाळिशीतला आकडा सेल्सिअसचा, नव्वदी-शंभरीतला फॅरनहाइटचा, तिसरी शक्यता नाही. हवेचं तसं नाही. हवा ४० म्हटली तर ती नागपूरची मे महिन्यातली दुपार असेल किंवा शिकागोतली कोट घालायला लावणारी सकाळ असेल, म्हणून हवेच्या आकड्यापुढे पट्टी सांगावीच लागते.

एक सवय मात्र जरा जपून वापरावी. काखेत लावलेल्या थर्मामीटरच्या आकड्यात एक मिळवायचा, अशी घरोघरी रीत आहे. ती रीत फॅरनहाइटची आहे. थर्मामीटर सेल्सिअसवर असताना कुणी एक मिळवला तर त्यानं फॅरनहाइटचे जवळजवळ दोन मिळवले, आणि १००च्या जागी १०२ ताप सांगितला जाईल. त्यापेक्षा काहीच मिळवू नये. ‘काखेत इतका’ असं डॉक्टरांना सांगावं, पुढचं ते पाहतात.

या उदाहरणातून सगळ्यात जास्त फसवणारी जागा पुढे येते. आकडा बदलणं वेगळं आणि फरक बदलणं वेगळं. ‘ताप १०२ आहे’ हा आकडा. ‘ताप दोन डिग्रीनं उतरला’ हा फरक. फरकाला ३२शी काही देणंघेणं नसतं, कारण मोजणी कुठून सुरू झाली याचा तिथे संबंध नाही. तिथे फक्त पायऱ्यांचं माप बदलायचं. दोन सेल्सिअसनं उतरला तर ३.६ फॅरनहाइटनं उतरला. इथे कुणी सवयीनं ३२ मिळवले तर ताप ३५.६ अंशांनी उतरला असं निघेल!

अंगाच्या बाबतीत ही चूक लगेच लक्षात येते. हवेच्या बातम्यांत ती सहज खपून जाते. हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना दोन गोष्टी पाहतं. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश, किनाऱ्यावर निदान ३७ अंश असायला हवं; आणि ते त्या दिवसांच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर गेलेलं हवं. ४५ किंवा त्यावर गेलं तर सरासरी न पाहताच लाट धरतात. यातले ४० म्हणजे १०४ फॅरनहाइट, पण साडेचार म्हणजे ४०.१ नव्हे, तर ८.१. पॅरिस करारातल्या दीड अंशाचंही तसंच: पृथ्वीचं तापमान दीड अंशानं वाढणं म्हणजे २.७ फॅरनहाइटनं वाढणं.

कुक्कुटपालन करणाऱ्यांना हे रोजच्या कामात लागतं. एक दिवसाची पिल्लं शेडवर आली की पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे उबेसाठी लावलेल्या बल्बखाली, ९५ फॅरनहाइट ठेवायचं आणि दर आठवड्याला ५नं कमी करत जायचं, असा ठोकताळा असतो. शेडमध्ये सेल्सिअसचा थर्मामीटर टांगला असेल तर ९५चे ३५ करायचे, इथे ३२ वजा होतात. पण दर आठवड्याचे ५ हा फरक आहे, त्याचे २.८ होतात. कुणी आठवड्याला ५ सेल्सिअसनं उतरवत गेला तर दुसऱ्याच आठवड्यात पिल्लं थंडीनं बल्बखाली एकमेकांवर चढून बसतील. पिल्लं बल्बपासून लांब पळाली तर जास्त गरम आहे, बल्बखाली गोळा झाली तर थंड आहे, सगळीकडे पसरली तर ठीक. अनुभवी माणूस थर्मामीटरबरोबर हेही पाहतो.

याच कारणानं ‘आज ४० आहे, म्हणजे जानेवारीतल्या २०च्या दुप्पट गरमी’ असं म्हणता येत नाही. त्याच दोन हवा फॅरनहाइटमध्ये १०४ आणि ६८ होतात, आणि दुपटीचा मागमूस राहत नाही. शून्य जिथे सोयीनं ठेवलेलं आहे तिथे दुप्पट-तिप्पट या शब्दांना अर्थ नसतो. त्यासाठी शास्त्रज्ञ केल्विनची पट्टी वापरतात, जिचं शून्य उणे २७३.१५ सेल्सिअसला, उष्णता याहून कमी होऊच शकत नाही अशा जागी आहे. त्या पट्टीवर आपले २० आणि ४० म्हणजे २९३ आणि ३१३. फरक सात टक्क्यांच्याही आत.

दोन पट्ट्या एका ठिकाणी एकच आकडा दाखवतात: उणे ४०. खाली उतरताना फॅरनहाइटच्या पायऱ्या लहान असल्यामुळे त्याचा आकडा भराभर घसरतो आणि उणे ४०ला दोघांची गाठ पडते. यातून रूपांतराची आणखी एक सुंदर रीत निघते, दोन्ही दिशांना सारखीच. आकड्यात ४० मिळवा, पायऱ्या बदला (१.८ने गुणा किंवा भागा), ४० वजा करा. ४५ अधिक ४० म्हणजे ८५, गुणिले १.८ म्हणजे १५३, वजा ४० म्हणजे ११३. दोघांची मोजणी जिथे एक होते तिथे जाऊन पायऱ्या बदलायच्या आणि परत यायचं. आधी-नंतरचा घोळ इथे उरतच नाही.

वर्तमानपत्रातला आकडा आणि आपल्याला जाणवणारं ऊन जुळत नाही, अशी तक्रार उन्हाळ्यात असतेच. गाडीच्या पडद्यावर ४७ दिसतात आणि खातं ४२ सांगतं. कारण खात्याचं मोजमाप उन्हातलं नसतंच. जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी असते. वारा आत खेळतो, ऊन आत येत नाही, आणि आपल्या बाजूच्या गोलार्धात तिचं दार उत्तरेकडे असतं, म्हणजे वाचताना दार उघडलं तरी ऊन थेट थर्मामीटरवर पडत नाही. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. तिच्यातल्या कमाल तापमानाच्या पाऱ्याच्या नळीलाही तापाच्या थर्मामीटरसारखीच चिमट असते: दुपारी पारा जिथे चढला तिथेच थांबतो, निरीक्षक नंतर वाचतो आणि झटकून खाली आणतो. सगळी केंद्रं सावलीतलीच हवा मोजतात, म्हणून जळगावची महाबळेश्वरशी आणि यंदाची पन्नास वर्षांपूर्वीशी तुलना करता येते. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी नोंदलेले ५१ अंश, म्हणजे १२३.८ फॅरनहाइट, हेही सावलीतलेच.

पुण्यात शिवाजीनगरजवळ शिमला ऑफिस चौक आहे. हवामान खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं, त्यावरून हे नाव पडलं. इंग्रजी अमदानीतल्या नोंदी फॅरनहाइटमध्ये आहेत, म्हणून जुन्या-नव्याचा मेळ घालायचा तर रूपांतर आलंच. तिथेही ९८.६चाच धडा लागू पडतो. जुन्या नोंदीत १०८ असं पूर्ण अंशात लिहिलेलं असेल तर सेल्सिअसमध्ये ते ४२.२ होतं, त्यातले दोन दशांश त्या दिवशी कुणी मोजलेले नाहीत.

स्वयंपाकघरात एवढं काटेकोर असावं लागत नाही. अमेरिकी कृतीतले ३५० म्हणजे १७७, पण ओव्हनची चकती १८०वर ठेवली तरी केक किंवा नानकटाई चांगली होते. घरगुती ओव्हनच्या आतच कोपऱ्या-कोपऱ्यात याहून जास्त फरक असतो. ३००ला १५०, ४००ला २०० धरून काम भागतं. बऱ्याच एसींच्या रिमोटवरही पट्टी बदलता येते आणि नकळत बदलली जाते: एसीवर ७५ दिसले तर ते आपले नेहमीचे २४.

फ्रीजमध्ये मात्र दोन-चार अंशांना किंमत आहे. घरात कुणाला मधुमेह असेल तर इन्सुलिनच्या खोक्यावर २ ते ८ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं, परदेशातून आणलेल्या खोक्यावर ३६ ते ४६ फॅरनहाइट. दोन्ही एकच. वरच्या बाजूला थोडी सवड आहे, वापरात असलेली कुपी काही आठवडे खोलीतल्या साधारण तापमानालाही चालते. खालच्या बाजूला मात्र ३६ आणि बर्फाचे ३२ यांत चारच लहान पायऱ्या आहेत. म्हणून कुपी बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या थंड भिंतीला टेकवून ठेवू नये, मधल्या कप्प्यात ठेवावी. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून पूर्वीसारखं दिसलं तरी ते टाकूनच द्यायचं असतं.